प्रसारणाची पदवी आणि भंडाऱ्याचा श्रोता

बारावीनंतर मुलीने ‘प्रसारण आणि डिजिटल संवाद यात पदवी घेते’ म्हटले, की घरात पहिला प्रश्न निघतो नोकरीचा. तो रास्तच आहे. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न हवा: हा अभ्यासक्रम तिला कोणाशी बोलायला शिकवणार? भंडारा जिल्ह्यापुरते तरी या शिक्षणाचे मोल त्या उत्तरावर ठरते.

पूर्व विदर्भाला या विद्येची जुनी ओळख आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. १९५२मध्ये अमेरिकेच्या सिराक्यूज विद्यापीठातले प्राध्यापक रोलँड वुल्सली यांनी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचा विभाग उभा केला. श्रोत्याचा शास्त्रशुद्ध विचार मात्र झाला तो विदर्भाबाहेर, १९५६मध्ये, पुणे केंद्राच्या रेडिओ शेती मंडळांच्या प्रयोगात. युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची मंडळे बसली. त्यांनी एकत्र कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या, अशी ती रीत होती. ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणून आज जे शिकवले जाते, त्याचा हा पाऊणशतकाजवळ आलेला मराठी पूर्वज.

आजच्या पदवीत ध्वनिमुद्रण, कॅमेरा, संकलन, संहितालेखन, निवेदन, माध्यम कायदा असे विषय असतात. त्यांत पॉडकास्ट, उभी चित्रफीत आणि प्रेक्षकसंख्येचे विश्लेषण यांची भर पडली आहे. भंडाऱ्याहून नागपूर साधारण साठ किलोमीटर. त्यामुळे एसटीने किंवा वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून अप-डाऊन करत शिकता येते. रोजचा प्रवास जमत नसेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पत्रकारितेची वाट आहे. पदवीनंतर पुढे जाणाऱ्यांसाठी भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती केंद्र २०११पासून विदर्भातच आहे.

विषय शोधायला मात्र जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. तुमसरची धानाची बाजारपेठ, मोहाडी-आंधळगावचा कोसा, भंडाऱ्याची पितळी भांडी, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावे. दिवाळी सरली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री दंडार आणि खडीगंमत ही लोकनाट्ये रंगतात, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. धान निघाल्यावर हातात वेळ आणि पैसा असतो, हे या कलावंतांना पक्के ठाऊक असते. प्रेक्षक कधी मोकळा होतो, किती वेळ बसतो, कुठे हसतो हे ओळखूनच ते खेळ लावतात. वर्गात ‘टार्गेट ऑडियन्स’ शिकणाऱ्याने एक हंगाम मंडईत काढावा. तिथे इथली झाडीबोली कानावर पडेल आणि प्रमाण मराठीतला निवेदकी सूर ऐकणाऱ्याला किती परका वाटतो, तेही कळेल.

या जिल्ह्याने माध्यमांना दोन कठोर धडेही दिले आहेत. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मोठ्या माध्यमांना तिचे गांभीर्य उमगायला महिन्याहून अधिक काळ लागला. सत्यशोधन अहवाल, कार्यकर्त्यांनी एकमेकांना पाठवलेले ईमेल आणि नोव्हेंबरमधली आंदोलने यांनी ती बातमी देशासमोर नेली. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागून दहा बालके दगावली. ती बातमी सकाळी देशभर झाली होती.

या दोन तारखांमधला फरक तंत्रज्ञानाच्या खात्यावर मांडून मोकळे होता येणार नाही. २००६मध्येही वृत्तवाहिन्या होत्या, ओबी व्हॅन होत्या, मोबाइल होते. कोणाचे दुःख बातमी ठरते, हे ठरवणाऱ्यांच्या टेबलाजवळ मोहाडीचा माणूस नव्हता. २०२१च्या वेगाने प्रश्न वेगळा उभा केला: मूल गमावलेल्या आईपुढे माइक कधी धरावा, आणि कधी खाली घ्यावा? पहिल्या प्रश्नाला समाजभान लागते, दुसऱ्याला संयम. संकलनाचे सॉफ्टवेअर दर दोन-चार वर्षांनी बदलते; हे दोन गुण पदवी संपल्यावरही कामी येतात.

नोकरीचे चित्र संमिश्र आहे. मुंबई-पुण्याच्या वाहिन्यांत जागा थोड्या आणि रांग मोठी. त्याउलट स्थानिक वृत्तवाहिन्या, शेतीविषयक चित्रफिती, संस्थांचे प्रसिद्धीकाम, नाट्यमंडळ्यांच्या जाहिराती अशी कामे जवळपास आहेत. मोबदला कमी आणि अनियमित. म्हणून चित्रीकरणाबरोबर हिशेब आणि करारही शिकून घ्यावा.

एक दार मात्र पुरेसे ठोठावले गेलेले नाही. केंद्र सरकारच्या २००६च्या धोरणापासून शिक्षणसंस्थांप्रमाणेच कृषी विज्ञान केंद्रे आणि स्वयंसेवी संस्थाही सामुदायिक रेडिओ चालवू शकतात. साताऱ्याच्या म्हसवडमधली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे त्याचे मराठी उदाहरण. अशा केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून करावेच लागतात. शंभर वॉटच्या प्रक्षेपकाचा आवाज दहा-बारा किलोमीटर जातो. धानावरच्या तुडतुड्यापासून कोसा विणकराच्या मजुरीपर्यंत सारे त्यात बसते. सत्राला शंभर गुणांचे प्रात्यक्षिक म्हणून बंद खोलीत ‘बुलेटिन’ वाचण्याऐवजी विद्यार्थ्याला खरा श्रोता मिळतो. चुकलेले नाव दुसऱ्या दिवशी गावच दुरुस्त करून देते. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी प्रसारण शिकवायचे ठरवले, तर स्टुडिओच्या काचा बसवण्याआधी या परवान्याचा अर्ज भरावा.