कुर्ल्याची पालिका शाळा कोण चालवतं?

कुर्ला म्हणजे महापालिकेचा एल विभाग. इथल्या पालिका शाळेचा मालक जिल्हा परिषद नव्हे, बृहन्मुंबई महानगरपालिका. नगरसेवकांची शिक्षण समिती धोरण आणि खर्च पाहते. रोजचा कारभार शिक्षणाधिकाऱ्यांकडे. मार्च 2022मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि ही समितीही उरली नाही. नव्या निवडणुका होईपर्यंत सगळे निर्णय प्रशासकाच्या सहीने होत होते. शाळेतल्या व्यवस्थापन समितीत मात्र 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने किमान तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. हा अधिकार फार थोडे पालक वापरतात.

पैसा कुठून येतो? मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण उपकराची ओळ असते, ती बघा. शिवाय राज्याचं अनुदान, पण त्याच्या थकबाकीवरून पालिका आणि सरकारचा वाद जुनाच. शिक्षणाचा अर्थसंकल्प वेगळा मांडतात; 2023-24चा सुमारे 3,347 कोटींचा होता. वह्या, गणवेश, दप्तर असं साहित्य मुलांना फुकट मिळतं.

निकालाकडे जरा सावधपणे पाहावं. पालिका शाळांचा दहावीचा निकाल 2019मध्ये 53 टक्के लागला, पुढच्याच वर्षी 93. मुलं वर्षभरात एवढी हुशार झाली नाहीत. 2019ला भाषा विषयांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काढले होते, 2020ला ते परत आले. त्या दोन वर्षांत राज्याचा निकालही 77वरून 95वर गेला. म्हणजे तुलना करायची तर त्याच वर्षाच्या राज्याच्या निकालाशी करावी: 2019ला पालिका 24 टक्क्यांनी मागे होती, 2020ला फक्त दोन.