‘स्किन कलर’ म्हणजे नेमका कोणाचा रंग?

मागच्या वेळी आपण व्याख्या कशी तपासायची, इथपर्यंत आलो होतो. आज तोच धागा पुढे नेतो, पण उदाहरण जरा वेगळं आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस आज फाउंडेशनच्या बाटलीवर बोलणार आहे. (हशा) हसा, हरकत नाही. आम्हालाही आधी हसूच आलं होतं.

गेल्या वैशाखात आमच्या नात्यातल्या एका मुलीचं हिंगणघाटला लग्न झालं. मुलगी काळी आहे. आपल्याकडे ‘सावळी’ म्हणून सावरून घ्यायची पद्धत आहे, पण ती स्वतःला काळी म्हणते, तेव्हा आम्हीही तेच म्हणतो. ती पार्लरमधून तयार होऊन आली तेव्हा चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या आणि हात तिसऱ्याच रंगाचे. फोटोग्राफरने फ्लॅश मारला तर चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसलं. ती आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “आबाजी, हे माझं तोंड वाटूनच नाही राहिलं.” मग मागच्या खोलीत जाऊन तिने तोंड धुतलं. मुहूर्त टळतो की काय म्हणून सगळे ओरडत होते, ती शांतपणे साबण लावत होती.

पार्लरवालीचा राग करावा असं काही नव्हतं. तिच्या पेटीत चार बाटल्या होत्या. त्यातली सगळ्यात गडद तिने लावली आणि तीसुद्धा या मुलीला दोन पायऱ्या फिकी पडली. मग आम्हाला प्रश्न पडला, की चारच का? आणि या चार कोणी ठरवल्या?

आता मागच्या व्याख्यानाकडे या. व्याख्येचे तीन दोष सांगितले होते: अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव. अव्याप्ति म्हणजे ज्याची व्याख्या करायची त्यातले काही जण बाहेरच राहणं. न्यायशास्त्रात याचं ठरलेलं उदाहरण गायीचं आहे. गाय म्हणजे काय, तर जी कपिल रंगाची असते ती. मग पांढऱ्या गायीचं काय करायचं? ती गाय आहे, पण व्याख्येत बसत नाही. गंमत बघा, जुन्या पंडितांना अव्याप्ति समजावताना रंगच आठवला.

तुमच्या नातवंडांच्या रंगपेटीत एक खडू असतो, फिकट गुलाबी-पिवळसर. मुलं त्याला ‘स्किन कलर’ म्हणतात. वर्ध्याच्या शाळेतलं एक पोर आपल्या आईचं चित्र त्या खडूने रंगवतं आणि आई शेजारी उभी असते, तिचा रंग त्या खडूशी कुठेच जुळत नाही. ही शुद्ध अव्याप्ति आहे. बाटलीवर ‘नॅचरल’ लिहितात तेव्हाही तोच खडू असतो, फक्त महाग.

पण नुसतं तर्कशास्त्र सांगून भागणार नाही, बाटलीत काय असतं तेही पाहू. आम्ही हे एका रसायनशास्त्राच्या जुन्या सहकाऱ्याकडून समजून घेतलं. फाउंडेशनमध्ये मुख्यतः चार रंग असतात. पांढरा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पिवळा, लाल व काळा हे तिन्ही लोखंडाचे ऑक्साइड, गंज आणि गेरूच्या जातकुळीतले. यांचं प्रमाण बदललं की छटा बदलते. फिक्या छटेत पांढरा भरपूर. हाच पांढरा गडद त्वचेवर आला की प्रकाश विखुरतो आणि राखी दिसतो. आमच्या मुलीच्या फोटोत दिसली ती राख हीच. बरं, गडद छटा करायची तर फिक्या बाटलीत नुसता काळा ओतून चालत नाही, मग ती मेलेली दिसते. लाल हवा, पिवळा हवा, आणि फार गडद त्वचेला कधी कधी थोडा निळासुद्धा. कारण काळी त्वचा म्हणजे नुसता काळा रंग नव्हेच. त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारख्याच संख्येने असतात. त्या किती आणि कोणत्या जातीचं मेलॅनिन बनवतात यात फरक असतो. शिवाय खालच्या रक्ताचा लाल रंग वर झिरपून दिसतो तो वेगळाच.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत नाटकाच्या रंगपटात हे शास्त्र नव्हतं. सफेदा, पिवडी, चिमूटभर कुंकू, आणि राजा असो की हमाल, सगळे एकाच रंगाचे. आम्ही एकदा प्रधान झालो होतो. घरी गेलो तर आईने दार उघडायला वेळ लावला. (हशा)

आता दुकानात या. ती मुलगी लग्नानंतर आम्हाला घेऊन इथल्या बाजारात गेली. दुकानदार चांगला माणूस, म्हणाला, “ताई, इतका डार्क शेड आम्ही ठेवतच नाही. खपत नाही न.” का खपत नाही? कारण ठेवलेला नसतो. का ठेवत नाही? कारण खपत नाही. आपल्या शास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. ‘अ’ला आधार ‘ब’चा आणि ‘ब’ला आधार ‘अ’चा, म्हणजे आधार कुठेच नाही. वादात हा दोष सापडला की प्रतिपक्ष गप्प बसतो. बाजारात मात्र तो वर्षानुवर्षं सुखाने नांदतो, कारण दुकानदाराच्या हिशोबात तो बरोबरच असतो. न खपणारी बाटली त्याच्या पैशाने फळीवर पडून राहते.

याला थोडा इतिहास आहे. देशी प्रसाधनांचा मोठा कारखाना स्वातंत्र्यानंतर उभा राहिला. टाटांनी १९५२ साली ‘लॅक्मे’ सुरू केली. (नाव एका फ्रेंच ऑपेराच्या नायिकेवरून आहे, मूळ शब्द आपली लक्ष्मी. काळाचे खेळ.) मग १९७५ साली हिंदुस्तान लीव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ आणली. ती काही मेकअपची बाटली नव्हे, पण तिने ग्राहकाला जे शिकवलं ते आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. रंग जुळत नसेल तर बाटली बदला, असं ती म्हणत नव्हती, कातडी बदला असं म्हणत होती. २०२० साली तिच्या नावातून ‘फेअर’ गेलं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत जी बाई आपला रंग तात्पुरता आहे, उद्या उजळणार आहे असं समजत होती, ती आपल्या आजच्या रंगाची बाटली दुकानात मागणार कशी?

इथे कोणीतरी विठोबा काळा आहे असं म्हणेल. ते वाक्य आपण सगळ्यांनी इतक्यांदा बोललंय आणि त्यानंतर इतक्या जाहिरातींत ‘गोरी वधू पाहिजे’ छापलंय, की आम्ही ते आज बोलणार नाही.

अन्योन्याश्रय तुटतो कसा? कोणीतरी आधी बाटली ठेवावी लागते. २०१७ साली रिहाना या गायिकेने अमेरिकेत ‘फेंटी ब्यूटी’ आणली, एकदम चाळीस छटांत. सगळ्यात गडद छटा लवकर संपल्याच्या बातम्या आल्या. न खपणारा माल संपला. आणि दुसऱ्या टोकाला जन्मतःच रंगद्रव्य नसलेल्या काही स्त्रियांनी तिथल्या सर्वांत फिक्या छटेचं स्वागत केलं. फार गोऱ्या त्वचेची अडचण आपण विसरतो. तिला बहुतेक बाटल्या पिवळ्या नाहीतर गुलाबी पडतात, आणि त्वचेच्या तेलात मिसळून थोड्या वेळाने आणखी गडद होतात.

म्हणून बाटली घेताना मनगटावर लावू नका, जबड्याच्या कडेला लावा, म्हणजे मानेशी ताडता येतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग दुकानाच्या पायरीवर उन्हात येऊन पाहा, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात फारकत घेतात. साडीच्या दुकानात हे आपण सगळे करतो, चेहऱ्याच्या बाबतीत लाजतो.

आता एका माणसाबद्दल सांगतो, आणि तिच्या परवानगीने सांगतो. आमची एक जुनी विद्यार्थिनी शिक्षिका आहे. तिला कोड आहे. तिच्या एकाच चेहऱ्यावर गडद आणि अगदी पांढरी अशा दोन्ही त्वचा आहेत. तिला कोणती बाटली द्याल? नैयायिकांनी रूपाचे सात प्रकार मानले, शुक्ल, नील, पीत वगैरे, आणि सातवा ‘चित्र’. अनेक रंगांच्या वस्त्राला एक रंग आहे की अनेक, यावर पुढच्या पंडितांनी भरपूर वाद घातला. ही बाई तो वाद रोज सकाळी आरशासमोर सोडवते.

तिला आधी सोसावं लागलं ते रंगामुळे नव्हे, शब्दामुळे. कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणतात, आणि कुष्ठ म्हटलं की शेजारी कप बाजूला ठेवतात. वास्तविक आपल्या जिल्ह्याला तरी हा फरक माहीत असायला हवा. १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी इथेच दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. कुष्ठाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कमी जाणवतो, आणि आज तो औषधाने पूर्ण बरा होतो. कोडाच्या डागावर स्पर्श नीट कळतो आणि कोड संसर्गाने पसरत नाही. शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, शेजाऱ्याला नको.

तर ही बाई डाग कधी झाकते, कधी झाकत नाही. शाळेत बहुधा नाही, मुलांना सवय आहे. लग्नाकार्यात झाकते, कारण तिला त्या दिवशी प्रश्नांची उत्तरं देत बसायची नसतात. ती म्हणाली, “सर, माझी बाटली जानेवारीत जुळते आणि मेमध्ये चुकते.” कारण वर्ध्याच्या उन्हात भोवतालची त्वचा काळवंडते आणि डाग तसाच राहतो. उलट तो लवकर भाजतो, म्हणून ती स्कार्फ बांधल्याशिवाय गाडी काढत नाही. तिने यावर उपाय काढला. एक गडद आणि एक मध्यम अशा दोन बाटल्या, दर ऋतूत वेगळ्या प्रमाणात मिसळायच्या. आमच्या नात्यातली ती हिंगणघाटची मुलगी तिच्याकडे जाऊन हे शिकून आली. गडद बाटली तिला नागपूरहून मागवावी लागली. परवा तिच्या घरी गेलो तर बाटलीच्या झाकणावर पेनाने लिहिलेलं दिसलं: ‘हिवाळा २ : १, उन्हाळा ३ : १’.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरू करू या, त्या ताईंचा हात बराच वेळ वर आहे.