अलार्म गप्प झाला, हे कळणार कोणाला?

ऑगस्टस पोप यांनी 1853 मध्ये अमेरिकेत चोरीची सूचना देणाऱ्या विजेच्या घंटेचं पेटंट घेतलं आणि पुढे एडविन होम्स यांनी त्यावर मोठा व्यवसाय उभा केला. तेव्हापासून या यंत्रणेतला सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे इमारतीबाहेर जाणारी तार. सेन्सर कितीही चांगले बसवले, तरी बातमी बाहेर पोचली नाही तर उरतो फक्त भोंगा. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लक्षावधी घरांची आणि दुकानांची ही बातमी साध्या टेलिफोन लाइनवरून जात असे. दार फोडलं गेलं की भिंतीवरचं पॅनेल आरजे-31एक्स नावाच्या सॉकेटमधून घरातला चालू फोन तोडून लाइन ताब्यात घेई, देखरेख केंद्राचा नंबर लावी आणि सुरांच्या भाषेत काही आकडे पाठवी. त्यात ग्राहकाचा क्रमांक असे आणि घटनेचा कोड असे: 130 म्हणजे चोरी, 110 म्हणजे आग. काही सेकंदांत काम होई. या व्यवस्थेतला मोठा दोष मात्र त्या काही सेकंदांत नव्हता, उरलेल्या दिवसभरात होता. पॅनेल फोन करत नसताना लाइन गप्प असते. घर सुखरूप असलं तरी ती गप्प, आणि घराबाहेरची तार कापली गेली असली तरीही गप्पच. केंद्रात बसलेल्या माणसाला या दोन्हींत फरक करता येत नाही. म्हणून पॅनेलनं ठरावीक वेळी चाचणीचा फोन करायचा, असा नियम आला. आगीच्या अलार्मसाठी अमेरिकेत जी एनएफपीए 72 ही संहिता प्रमाण मानली जाते, तिच्यात ही मुदत दीर्घकाळ 24 तासांची होती. चाचणी झाल्यावर लगेच तार तुटली, तर केंद्राला जवळजवळ एक दिवस पत्ताच लागणार नाही, असा याचा अर्थ.

सेल्युलर कम्युनिकेटरचं मोल इथे कळतं. मोबाइल नेटवर्कवर चालणारी ही छोटी पेटी पॅनेलला जोडलेली असते. एक्सचेंजकडून तांब्याच्या तारेवर येणारा साधारण 48 व्होल्टचा दाब पॅनेल सतत तपासत असतं. तो नाहीसा झाला की मोबाइलच्या वाटेनं 351 हा कोड निघतो, म्हणजे टेलिफोन लाइन बंद. जुनी पॅनेलं मोडीत काढावी लागू नयेत म्हणून अनेक कम्युनिकेटर एक युक्ती करतात. ते पॅनेलला खोटा डायल टोन ऐकवतात, केंद्रानं उचलल्यासारखं उत्तर देतात, त्याचे सूर ऐकून घेतात आणि तीच माहिती डेटाच्या रूपात पुढे धाडतात. पॅनेलला वाटतं, आपण अजून फोनच करतो आहोत. पण माझ्या मते दुसरी वाट मिळाली हा यातला अर्धाच लाभ आहे. खरा लाभ असा की तार तुटणं हीच आता एक बातमी झाली. शिवाय मोबाइलवरून काही मिनिटांनी किंवा तासांनी ‘मी आहे’ असा छोटा संदेश पाठवत राहणं स्वस्त पडतं, आणि तो आला नाही तर केंद्रालाच शंका येते. एनएफपीए 72 च्या 2013 च्या आवृत्तीनं टेलिफोनवरच्या चाचणीची मुदत सहा तासांवर आणली, आणि मोबाइल किंवा इंटरनेटसारख्या एकाच वाटेवर विसंबणाऱ्या यंत्रणेनं तुटलेला संपर्क 60 मिनिटांत उघड करावा असं ठरवलं. नियम बनवणाऱ्यांनीही मोजमाप कसलं धरलं, तर मौन किती वेळ लपून राहू शकतं याचं.

घरात ब्रॉडबँड असताना हा जादा खर्च कशाला, असं कोणी विचारेल. तांब्याच्या लाइनला वीज एक्सचेंजमधून मिळे. घरातले दिवे गेले तरी फोन चाले. ब्रॉडबँडचा मोडेम घरच्या विजेवर चालतो. बाहेरचा मेन स्विच पाडला की मोडेम आणि त्यावरचा फोन दोन्ही बंद, तर कम्युनिकेटर बॅटरीवर चालूच राहतो. दुसरा आक्षेप जॅमरचा. मोबाइल सिग्नल दडपता येतो हे खरं. पण ‘मी आहे’ हा संदेश थांबल्यावर केंद्राला ते कळणार आहे, आणि त्याच वेळी ब्रॉडबँडची वाटही बंद पडली तर संशय बळावतो. तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: मोठ्या आपत्तीत मोबाइल मनोरेच कोसळतात. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळानंतर पोर्टो रिकोतली सुमारे 95 टक्के मोबाइल केंद्रं बंद पडली होती. अशा वेळी केंद्राला एकदम हजारो घरांचा संपर्क तुटल्याचं दिसेल आणि त्यावर त्याला फारसं काही करता येणार नाही. ही मर्यादा मान्यच करायला हवी. पण कम्युनिकेटर बसवायचा तो अशा वादळासाठी नव्हे, एकाच घराची तार तुटते त्या रोजच्या रात्रीसाठी.

मला जास्त काळजी वाटते ती ही राखीव वाटच नकळत बंद पडण्याची. अमेरिकेत फेब्रुवारी 2008 नंतर मोबाइल कंपन्यांना ॲनालॉग नेटवर्क बंद करण्याची मुभा मिळाली आणि त्यावर चालणारे कम्युनिकेटर बदलावे लागले. 22 फेब्रुवारी 2022 ला एटी अँड टीनं 3जी बंद करायला घेतलं, तेव्हाही तेच झालं. कोविडमुळे तंत्रज्ञांना लोकांच्या घरात जाता येत नाही म्हणून मुदत वाढवा, असं अलार्म व्यावसायिकांनी नियामकांना विनवलं होतं. तरी ती तारीख टळली नाही. भारतात कित्येक दुकानांत सिम कार्डावरचे जीएसएम ऑटोडायलर लावलेले असतात. त्यातले साधे डायलर फक्त मालकाच्या मोबाइलवर फोन करतात. रिचार्ज संपून सिम बंद पडलं, तरी पलीकडे चुकलेल्या संदेशाची वाट पाहणारं कोणी नसतं, आणि पेटीवरचा दिवा मात्र जळत राहतो. म्हणून यंत्रणा घेताना किती सेन्सर आणि केवढा भोंगा हे विचारण्याआधी विक्रेत्याला विचारावं, की रात्री दोनला लाइन गेली, तर कोणाला, किती मिनिटांत कळेल? उत्तर मिळालं तरी केंद्राला आधी सांगून एकदा लाइनची पिन काढावी, घड्याळ लावावं आणि केंद्राचा फोन कधी येतो ते पाहावं. मग लाइन जोडून सिमच्या वाटेचीही तशीच परीक्षा घ्यावी, आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा करावी.