कारखान्यातील वर्षे आणि उतारवयातील कान

आपल्या घरी एखादे निवृत्त अभियंते असतील, तर असा प्रसंग आपण पाहिला असेल. नातवाला अंबडच्या एका कारखान्यात पहिली नोकरी लागलेली असते. तो आजोबांपुढे पेढे ठेवतो, वाकून नमस्कार करतो आणि विचारतो, “आजोबा, शॉपफ्लोअर घेऊ की डिझाइन?” आजोबा प्रसन्नपणे म्हणतात, “हो, छान गोड आहेत.” सारे हसतात. आपले काहीतरी चुकले हे आजोबांच्या ध्यानात येते आणि मग संध्याकाळभर ते कोणाशी फारसे बोलत नाहीत.

आपण म्हणतो, वय झाले. ते खरेही असते, परंतु पुष्कळदा ते अर्धेच सत्य असते. उरलेले अर्धे त्यांच्या नोकरीत दडलेले असते.

तीर्थक्षेत्र नाशिक गेल्या सहा दशकांत यंत्रांचेही शहर झाले. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1964 मध्ये ओझरला मिग विमानांच्या कारखान्याचा पाया घातला गेला, सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. पदविका किंवा पदवी घेऊन या वसाहतींत शिरलेली पिढी आज सत्तरीत आहे. प्रेसशॉप, फोर्जिंग, ग्राइंडिंग, कॉम्प्रेसरची खोली, इंजिनाची चाचणी अशा ठिकाणी आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे गेली. त्या काळी कानात बोळे घालणारा नवखा समजला जाई. “सवय होते हळूहळू” असेच वरिष्ठ सांगत.

वस्तुतः कानाला आवाजाची सवय होत नाही. त्याची झीज होते. अंतर्कर्णात ध्वनिलहरी टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, वर्षानुवर्षांच्या माऱ्याने मरतात आणि एकदा गेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. हानी प्रथम उंच स्वरांच्या पट्ट्यात, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास होते. म्हणून आजोबांना दाराची घंटा किंवा नातवाचा आवाज ऐकू येतो, परंतु स, श, फ, थ ही व्यंजने निसटतात. “ऐकू येते, पण कळत नाही” ही त्यांची तक्रार अक्षरशः खरी असते. पुढे वयोमानाचा ऱ्हास याच झिजेत भर घालतो. कित्येकांच्या कानांत रात्री शिट्टीसारखा नाद घुमत राहतो, तो वेगळाच.

हा दोष कोणाचा हट्ट किंवा विक्षिप्तपणा नव्हे. 1948 च्या कारखाने अधिनियमातील व्यावसायिक रोगांच्या सूचीत आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश करण्यात आला. 90 डेसिबलच्या आवाजात 8 तास, 95 मध्ये 4 तास आणि 100 मध्ये केवळ 2 तास, अशा मर्यादाही नियमांनी घातल्या.

मग आज काय करावे? प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावा. कधी साठलेला मळ हेच कारण निघते. त्यानंतर ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी करावी. ती वेदनारहित असते. डॉक्टरांना नोकरीचे स्वरूप आणि वर्षे अवश्य सांगावीत. मात्र एका कानाचे ऐकणे एकाएकी गेले, तर वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण अशा वेळी उपचार लवकर सुरू होण्याला फार महत्त्व असते.

श्रवणयंत्र सुचवले गेल्यास संकोच करू नये. पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा आवाजही त्रासदायक वाटतो. म्हणून आरंभ घरच्या शांततेत, दिवसातून थोड्या वेळापासून करावा आणि यंत्राची जुळणी पुन्हा करून घ्यावी. असे न झाल्यास यंत्र कपाटात पडून राहते. ज्यांचे उत्पन्न अल्प आहे, अशा ज्येष्ठांना 2017 पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्रासारखी साधने दिली जातात. 2024 च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या 14 टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोषाचा समावेश केला आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ दूरचित्रवाणीच्या आवाजापुरता नाही.

घरच्यांसाठी थोडे पथ्य. ओरडू नये, ओरडण्याने शब्द अधिकच विकृत होतात. आधी हाक मारावी, चेहऱ्यावर उजेड पडेल असे समोर बसावे, मिक्सर व दूरचित्रवाणी बंद करावी आणि सावकाश बोलावे. एखादे वाक्य कळले नाही, तर तेच पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगावे. “जाऊ द्या, काही नाही” हे मात्र कधीही म्हणू नये. ज्या माणसाने शेकडो कामगारांना सूचना दिल्या, त्याला या तीन-चार शब्दांनी आपण संभाषणातून उठवून लावतो.

आता त्या नातवाच्या प्रश्नाकडे वळू. आजोबांनी त्याला अवश्य सांगावे की पहिली दोन वर्षे यंत्रांजवळ काढ. तेथे शिकलेले पुढे जन्मभर पुरते. परंतु सोबत हेही सांगावे: रुजू होतानाच श्रवणचाचणी करून घे आणि तिची प्रत घरी जपून ठेव. हातभर अंतरावरच्या सहकाऱ्याशी ओरडून बोलावे लागले, तर तो आवाज धोक्याचा आहे असे समज. कर्णरक्षक पूर्ण पाळी वापर. थोड्या वेळासाठी काढल्यानेही त्याचा बराचसा उपयोग जातो. आणि अभियंता म्हणून आवाज उगमाशीच रोख. झिजलेले बेअरिंग बदल, यंत्राभोवती आवरण घाल, कंपने शोषणारे पाये बसव. कर्णरक्षक हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

आजच्या संध्याकाळी आपल्या घरातील ज्येष्ठ अभियंत्यासमोर शांतपणे बसा आणि विचारा, “तुमच्या विभागात आवाज कसा असे?” उत्तर ऐकायला वेळ राखून ठेवा. त्या उत्तरात त्यांच्या कानांचा पूर्वेतिहास असेल आणि नव्या नोकरीला निघालेल्या तरुणासाठी मोलाचा सल्लाही.