इंटरनेटवरील संभाषण आणि काळाचे बंधन

दूरध्वनी आणि इंटरनेट यांची उभारणी मूलतः भिन्न तत्त्वांवर झालेली आहे. जुन्या दूरध्वनी-व्यवस्थेत संभाषण सुरू होण्यापूर्वीच बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत एक मार्ग जोडला जात असे व रिसीव्हर खाली ठेवीपर्यंत तो त्या दोघांसाठीच राखलेला असे. इंटरनेटमध्ये असा राखीव मार्ग नसतो. संदेशाचे लहान लहान तुकडे, म्हणजेच पॅकेट, करण्यात येतात व प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे प्रवास करते. एखादे उशिरा पोहोचते, एखादे मागाहून निघूनही आधी पोहोचते, तर एखादे वाटेतच नाहीसे होते. अशा बेभरवशाच्या वाहनावरून अखंड संभाषण कसे साधते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम ध्वनीचे अंकांत रूपांतर करावे लागते. दूरध्वनीसाठी १९७२ साली प्रमाण ठरलेल्या जी-७११ या पद्धतीत दर सेकंदास ध्वनीचे ८,००० नमुने घेतात व प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडतात. म्हणजे सेकंदास ६४,००० बिट होतात. सामान्यतः २० मिलिसेकंदांचा ध्वनी एका पॅकेटात भरतात. त्याचे १६० बाइट होतात, आणि पत्ता, अनुक्रम व वेळ यांच्या नोंदींसाठी आणखी ४० बाइट लागतात. एकपंचमांश भार केवळ नोंदींचा असणे उधळपट्टीचे वाटेल. पॅकेट मोठे केल्यास हा खर्च कमी होईल हे खरे. परंतु ते भरेपर्यंत आधी उच्चारलेला ध्वनी अडकून पडेल. येथेच या विषयाचे मर्म दिसून येते: संभाषणात संपूर्णतेपेक्षा काळ अधिक मोलाचा आहे.

हे मर्म संशोधकांच्या ध्यानी फार लवकर आले. ऑगस्ट १९७४ मध्ये अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावरून कॅलिफोर्नियातील इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट व मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळा यांच्या दरम्यान पॅकेटांच्या द्वारे संभाषण करण्यात आले. या प्रयोगांत अग्रभागी असलेले डॅनी कोहेन यांचे प्रतिपादन असे की, हरवलेला मजकूर पुन्हा मागविण्याची व्यवस्था पत्रास उपकारक असली तरी बोलण्यास मारक आहे. कारण हरवलेला शब्द पुन्हा येईपर्यंत पुढचे सारे बोलणे खोळंबते. अशा विचारांचा परिणाम म्हणून १९७८ साली टीसीपी या नियमसंहितेचे विभाजन झाले. पॅकेट पोहोचविण्याचे काम आयपीकडे राहिले. विश्वासार्हतेची हमी टीसीपीकडे गेली. आणि ज्यांना हमीपेक्षा तत्परता हवी त्यांच्यासाठी १९८० साली यूडीपी सिद्ध झाली. इंटरनेटवरील संभाषण मुख्यतः याच तिसऱ्या वाटेने जाते.

ऐकणाऱ्याच्या यंत्रात पॅकेटे अनियमित अंतराने येतात. म्हणून ती आल्याबरोबर वाजविली जात नाहीत. थोडा वेळ थोपवून, अनुक्रम लावून, समान अंतराने वाजविली जातात. परंतु हे थोपविणेही मर्यादित असावे लागते. एका दिशेचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास संभाषण बहुधा सुरळीत चालते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीवरून दिसते. मुंबई व न्यूयॉर्क यांमधील सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे, आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. म्हणजे केवळ अंतरापोटीच निदान ६३ मिलिसेकंद खर्ची पडतात. केबल सरळ रेषेत नसल्याने प्रत्यक्ष खर्च याहून अधिक असतो. पॅकेट भरण्याचे २० मिलिसेकंद वजा जाता उरणाऱ्या अल्प अवधीतच राउटरमधील खोळंबा व थोपविण्याचा काळ बसवावा लागतो. मर्यादा ओलांडली की दोघे एकदमच बोलू लागतात व एकदमच थांबतात.

ठरल्या वेळेत न आलेले पॅकेट हरवल्यातच जमा होते. त्याची जागा लगतच्या ध्वनीच्या आधारे भरून काढतात. २० मिलिसेकंदांची उणीव कानास बहुधा जाणवत नाही; सलग अनेक पॅकेटे गेली तर मात्र अक्षरे गळतात.

या व्यवस्थेचे मोलही द्यावे लागते. जुन्या व्यवस्थेत मार्ग मोकळा नसल्यास नवीन ग्राहकास नकार मिळे, पण चालू असलेले संभाषण त्यामुळे बिघडत नसे. इंटरनेटवर सामान्यतः कोणासच नकार नाही. त्यामुळे गर्दीचा त्रास सर्वांनाच वाटून घ्यावा लागतो. शिवाय जुन्या तारेच्या दूरध्वनीस केंद्रातील बॅटऱ्यांतून वीज मिळत असल्याने घरातील दिवे गेले तरी तो चालू राही. घरचा राउटर मात्र विजेबरोबर बंद पडतो. जी हमी पूर्वी जाळ्याकडून मिळे, तिची जबाबदारी आता दोन्ही टोकांवरील यंत्रांवर येऊन पडली आहे. संकटसमयीच्या दूरध्वनीचा विचार करताना हा बदल विशेषेकरून लक्षात घ्यावयास हवा.