चिपसाठी अडलेला फोन

१० सप्टेंबर २०२१, गणेश चतुर्थी. त्या दिवशी ‘जिओफोन नेक्स्ट’ हा स्मार्टफोन बाजारात येणार होता. करोनामुळे शाळा मोबाईलवर भरत होत्या. जालना जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतही स्वस्त स्मार्टफोनची निकड होती. गणपती बसले, पण फोन आला नाही. तो आला दिवाळीत, ६,४९९ रुपयांना. कारण होतं चिपची जागतिक टंचाई.

मागणी वाढली की चिपचं उत्पादन लगेच का वाढत नाही? जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून काही तासांत सळई तयार होते. चिपचं तसं नाही. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने नक्षी उमटवायची, ती कोरायची, वर नवा थर चढवायचा. असे शेकडो टप्पे पार पडायला साधारण तीन महिने लागतात. धुळीचा सूक्ष्म कणही चिप निकामी करू शकतो. नवा कारखाना उभारायला तर काही वर्षं जातात. करोनाकाळात लॅपटॉप-फोनची मागणी उसळली आणि २०२१ मध्येच भरपूर पाणी लागणाऱ्या चिप कारखान्यांच्या तैवानात दुष्काळ पडला, जपानमधल्या एका मोठ्या चिप कारखान्याला आग लागली.

ग्राहकांची चिडचिड रास्तच होती. मुलांचा अभ्यास कुणासाठी थांबत नाही. पण बियाणं पिकवणाऱ्या जालना जिल्ह्याला वेगळं सांगायला नको: पीक हवं तर पेरणी कितीतरी आधी करावी लागते.