अंगठा घेतला म्हणजे पडताळणी झाली?

नाशिकच्या कुठल्याही शाळेत पालकांनी कर्मचाऱ्यांची चौकशी केली, की ‘सगळ्यांचे अंगठे घेतलेत’ हे उत्तर पुरेसे वाटते. ते पुरेसे नाही. हजेरीच्या यंत्राला कोण किती वाजता आला एवढेच कळते. पोलिसांच्या नोंदींशी त्याचा संबंध नसतो. आधारसाठी दिलेले ठसेही शाळेला किंवा ठेकेदाराला मिळू शकत नाहीत, २०१६ चा आधार कायदा ते देऊ देत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत शिक्षकांचे ठसे एफबीआयच्या नोंदींशी ताडून पाहतात. आपल्याकडे ‘नाफिस’ ही राष्ट्रीय प्रणाली २०२२ पासून आहे, पण ती गुन्हे तपासासाठी. शाळेच्या नोकरीला लागतो तो पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. शहरात तो पोलिस आयुक्तालयाकडून मिळतो, इगतपुरी-दिंडोरीकडे ग्रामीण पोलिसांकडून.

‘पडताळणी कायम शिक्षकांची, ठेकेदाराच्या माणसांची आम्ही काय करणार?’ हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. ‘पॉक्सो’ या मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे २०२० चे नियम स्पष्ट सांगतात: शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी, मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी संस्थेनेच करून घ्यायची, तीही ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात बालवाडीतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाले, आणि आरोपी होता कंत्राटी सफाई कर्मचारी. त्यानंतर २१ ऑगस्टला राज्य सरकारने शासन निर्णय काढून शाळांना चारित्र्य पडताळणी आणि सीसीटीव्हीची सक्ती केली. म्हणजे नियम चार वर्षे कागदावर होता आणि मुलींनी सोसल्यावर त्याची आठवण झाली. सफाई कामगार, मावशी, सुरक्षारक्षक, व्हॅनवाले काका यांच्याबद्दल शाळेला पहिला प्रश्न विचारायला हवा.

दाखला स्वच्छ म्हणजे माणूस निर्धोक, असेही नाही. पोलिसांच्या नोंदीत काही सापडले नाही, एवढेच तो सांगतो. दबलेली तक्रार नोंदीत येत नाही. पॉक्सोच्या कलम १९ नुसार अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले, की पोलिसांना सांगणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदलापुरात शाळेच्या व्यवस्थापनावरही याच कारणाने गुन्हा नोंदवला गेला. तेव्हा ‘आधी आतल्या आत चौकशी करू’ असे सांगून तक्रार थोपवायचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही, विश्वस्तांनाही नाही. पालक थेट पोलिस ठाण्यात जाऊ शकतात किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करू शकतात.